नुसती "गस्त वाढवा" म्हणून भागत नाही

मागच्या वर्षी आमच्या एरियात दोन महिन्यांत तीन चेन स्नॅचिंग झाल्या, तिन्ही एकाच वळणावर आणि तिन्ही संध्याकाळी सात ते साडेआठच्या मधे. तिथला खांबावरचा दिवा बंद होता, आणि कोपऱ्यावरची इस्त्रीवाल्याची टपरी उठवल्यापासून तिथं कोणी उभंच नसायचं. पोलिसांबरोबर मीटिंग झाली तेव्हा सगळ्यांची एकच मागणी, गस्त वाढवा. मीही तेच म्हटलं. मग या विषयावर वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की आपली मागणी फार मोघम होती.

अमेरिकेत कॅन्सस सिटीत 1972-73 मधे वर्षभर एक प्रयोग झाला. 15 बीट (म्हणजे पोलिसांच्या गस्तीचे ठरलेले भाग) घेतले, पाच बीटमधली नेहमीची गस्त बंदच केली (फोन आला तरच गाडी जायची), पाचमधे होती तशी ठेवली आणि पाचमधे गाड्या दुप्पट-तिप्पट केल्या. वर्षाअखेरी गुन्ह्यांत म्हणावा असा काहीच फरक नाही, लोकांना वाटणाऱ्या भीतीतही नाही, आणि कमाल म्हणजे गस्त बदललीय हे बहुतेकांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं! गाडी आख्ख्या एरियात फिरत राहते आणि एका जागेवरून जेमतेम काही सेकंदात निघून जाते, मग ती दिसणार कोणाला.

पुढं 1989 मधे मिनिॲपोलिस शहराचे पोलिसांना आलेले फोन पत्त्यानुसार मांडून बघितले, तर निम्मे फोन शहरातल्या फक्त 3 टक्के पत्त्यांवरून आलेले. म्हणजे आपण "तो एरिया खराब आहे" म्हणतो ना, ते बरोबर नसतं, त्या एरियातल्याही बहुतेक गल्ल्या शांतच असतात, खराब असतो तो एखादा कोपरा, एखादा बसस्टॉप, एखादा बार. याचं कारण 1979 मधेच लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी मांडलं होतं. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी एका वेळी यायला लागतात: करणारा, ज्याच्यावर डोळा आहे ती वस्तू किंवा माणूस, आणि लक्ष ठेवणारं कोणी नसणं. हे वाचलं आणि मला आमचा इस्त्रीवालाच आठवला. तो काही पोलीस नव्हता, पण रात्री नऊपर्यंत रस्त्याकडं तोंड करून उभा असायचा, येणाजाणाऱ्याला ओळखायचा, आणि आम्ही त्या टपरीला अतिक्रमण म्हणत होतो.

मग अशा मोजक्या जागांवरच पोलीस थांबवले तर? मिनिॲपोलिसमधे तेही करून बघितलं आणि त्यातून एक फार कामाची गोष्ट निघाली, की पोलिसानं एका जागी साधारण 10 ते 15 मिनिटं थांबावं, तो गेल्यावरही काही वेळ तिथं शांतता टिकते, त्याहून जास्त थांबून मात्र तितका फायदा वाढत नाही. दिवसभर एकाच जागी खुर्ची टाकून बसवायची गरजच नाही. फिलाडेल्फियात 2009 मधे अशा 60 जागांवर पायी गस्त लावली तेव्हा तिथले हिंसक गुन्हे सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाले. इथं कोणीही विचारेल, मग चोर शेजारच्या गल्लीत जाणार ना? थोडंफार होतं तसं, पण बऱ्याच प्रयोगांत आजूबाजूच्या गल्ल्यांनाही उलट फायदाच झालेला दिसला.

दिव्याचंही तेच. न्यूयॉर्कमधे 2016 साली काही सरकारी वसाहतींत जादा दिवे लावले तर तिथले रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले.

आणि ओळख, ती तर हवीच. 1980 च्या दशकाच्या शेवटी भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजातली साधी माणसं आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसायचे. 1984 ला भयंकर दंगल बघितलेली ही भिवंडी 1992-93 मधे मुंबई जळत असताना शांत राहिली. मला हे कुठल्याही आकड्याइतकंच मोठं वाटतं.

पुढच्या मीटिंगला आम्ही वही घेऊन गेलो. कुठल्या कोपऱ्यावर, कुठल्या वारी, किती वाजता, काय झालं, सगळं लिहून, आणि ज्या काकू भीतीनं संध्याकाळचं देवळात जायच्या बंद झाल्या होत्या त्यांनाही बोलतं केलं. आता बीट मार्शल सव्वासातला त्या वळणावर दहा मिनिटं थांबतात. दिवा लागलाय. टपरीच्या परवानगीसाठी मात्र अजून खेपा चालू आहेत.