पहिल्या वर्षातली उपासमार आणि वर्गात न लागणारं लक्ष

बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर १९६७ ते १९७२ दरम्यान जन्मलेली काही बाळं पहिल्याच वर्षी तीव्र कुपोषणाने रुग्णालयात दाखल झाली. उपचारांनी ती सावरली. पुढे बारा वर्षांची होईपर्यंत तिथल्या राष्ट्रीय पोषण केंद्राने त्यांची पुन्हा आबाळ होऊ दिली नाही. किशोरवयात उंची-वजनात ती वर्गमित्रांच्या बरोबरीला आली. बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने काम फत्ते!

शाळेत मात्र वेगळंच ऐकू येत होतं. या मुलांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक जॅनिना गॅलर यांच्या चमूला त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये लक्ष न लागण्याची लक्षणं आढळली. त्यांच्याच वर्गातल्या, कुपोषण न झालेल्या मुलांत हे प्रमाण १५ टक्के होतं. चाळिशीतही हा फरक टिकून होता.

अंगावर मांस चढलं, मग मागे राहिलं काय? एक धागा एपिजेनेटिक्सकडे जातो. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावर मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटतात. कुठलं जनुक किती काम करणार, हे काही अंशी त्यावर ठरतं. या मिथाइलचा पुरवठा अन्नातूनच होतो, आणि त्यासाठी फोलेट व बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात. बार्बाडोसच्या त्या बाळांचं मोठेपणी रक्त तपासलं, तेव्हा अनेक ठिकाणी या खुणा इतरांपेक्षा वेगळ्या निघाल्या. त्यातल्या काहींचा लक्ष आणि बुद्ध्यांकाशी संबंधही दिसला. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं.

पण तपासलं होतं रक्त, मेंदू नव्हे. शिवाय कुपोषणाच्या जोडीला गरिबी आणि घरातले ताणही असतातच. तेव्हा ‘पोर वांड निघालं, आईनेच नीट खाल्लं नसेल’ असं यावरून सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

आपल्याकडचा पुरावाही आईला दोष देणारा नाही, ताटाकडे बोट दाखवणारा आहे. पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. फोलेटची कमतरता क्वचितच होती, बी-१२ची सर्रास. ज्यांच्यात बी-१२ फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. भाकरी, डाळ, पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यांत बी-१२ नसतं. ते दूध-दही, अंडी, मटण-मासळीतून येतं.