वॉटरप्रूफिंग आणि अँटी-स्किड: बसच्या टपावर दोन्ही एका डब्यातून निघत नाहीत

"गच्चीचा पांढरा रंग घ्यायचा, त्यातच वाळू कालवायची. गळती बंद, पाय घसरायचा पण बंद." जुनी बस घेऊन तिची घरगाडी करणारा जो भेटतो, तो हेच ऐकून आलेला असतो. मला आता याचा खरंच कंटाळा आला आहे. पाणी अडवणारा थर वेगळा आणि पाय धरून ठेवणारा थर वेगळा.

वॉटरप्रूफिंग कोल्हापूरकराला शिकवायला नको. वळवाच्या आधी गच्ची घासायची, भेगा भरायच्या, जाळी चिकटवायची आणि दोन हात द्यायचे. तो रंग सुकल्यावरही रबरासारखा ताणतो, हाच त्याचा गुण. टपाला तो गुण लागतोच, कारण पत्रा वाढतो आणि आकसतो. ॲल्युमिनियमचा 10 मीटरचा पत्रा पहाटेच्या 20 अंशांवरून उन्हात 60 अंशांवर गेला, तर सुमारे 9 मिलिमीटर वाढू पाहतो. हा सगळा ताण जोडांवर आणि रिवेटांवर येतो. तिथं मऊ थरच पाहिजे.

जिथं आपण चालतो, तिथं मात्र हाच मऊपणा घात करतो. टपावर पाय वळवला की अंगाचा भार वाळूच्या कणांच्या टोकांवर येतो. खालचा थर कडक असेल तर कण जागचा हलत नाही आणि चपलेचा तळ त्याला अडतो. थर मऊ असेल तर कण कलतो, मुळाशी सैल होतो आणि चार-सहा फेऱ्यांत उपटून येतो. तो निघाला की मागं खड्डा राहतो आणि तिथला थर पातळ पडतो. म्हणजे पकड गेली ती गेलीच, वॉटरप्रूफिंगलाही भोक पडलं.

माझ्या पहिल्या बसला हेच झालं. रंगारी मामा म्हणाले, "मिसळतो की रंगातच, पाय हलणार न्हाई बघा." मी मान डोलावली. ऑगस्टात गगनबावड्याला गाडी लावली होती, तेव्हा झोपायच्या फळीवर थेंब पडायला लागला. वर चढून पाहिलं तर पन्हाळीत मूठभर वाळू साठलेली. पावसानं भिजलेल्या रंगावर अंगठा दाबून फिरवला तर कण भाकरीच्या पिठासारखे बोटाला लागून आले आणि खाली मोहरीएवढे खळगे दिसले. वाळू गेलेल्या जागी तो ओला रंग साबण लावल्यासारखा गुळगुळीत होता.

चालायच्या पट्ट्यांना म्हणून कडक बांधणी लागते: दोन डब्यांचं इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर मापानं मिसळलेलं. वाळू त्यात कालवायची नाही. कालवली की कण डब्याच्या तळाशी बसतात, आणि जे ब्रशवर येतात त्यांची टोकंही रंगात बुडतात. ओल्या इपॉक्सीवर वरून कण शिंपडायचे, अगदी ओलं काही दिसेनासं होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सुटे कण झाडून काढायचे आणि वर पॉलियुरेथेनचा पातळ हात द्यायचा. तो हात टाळू नका, कारण उघडं इपॉक्सी उन्हानं पांढुरकं पडून भुकटी सोडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आधी मारलेल्या मऊ पांढऱ्या रंगावर इपॉक्सी कधीही चढवू नका. मऊवर कडक थर तडकतोच. पट्ट्यांपुरता जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढा. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा सोडा आणि तिथं सीलंट व जाळीचा मऊ थरच राहू द्या. पाऊल पडलं की पत्रा टणटण वाजून दबत असेल, तर आधी आतून आधार द्या. दबणाऱ्या पत्र्यावर कोणतंही इपॉक्सी टिकत नाही.

कण कोणते? कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, टाकाऊ वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिला बेंटोनाइट ही चिकण माती आणि कोळशाची भुकटी चिकटलेली असते, शिवाय साच्याच्या वाळूचे कण गोलसर असतात. ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या झोतानं गंज खरवडायला, वापरतात तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा ग्रिट घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. त्याला धार असते. गुडघ्याला बोचतो, हे खरं. बसायच्या जागी सतरंजी टाका.

ॲल्युमिनियमवर पहिला हात म्हणून रेड ऑक्साइड प्रायमर मारणारे बघितले की माझा जीव जळतो. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतं. ॲल्युमिनियम थिनरनं पुसून, पॉलिश पेपरनं घासून त्यावर एच (etch) प्रायमरच मारायचा, म्हणजे आम्लानं पत्रा किंचित खाऊन त्याला धरणारा.

इपॉक्सीऐवजी चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, लावाल तर तो जड पडतो, त्याच्याखाली पाणी साठतं आणि ओला झाला की चामड्याच्या तळाला तो काही धरत नाही. खरखरीत अँटी-स्किड चिकटपट्टीच्या कडा उन्हात उचलतात. टपाचा रंग फिकाच ठेवा, आत गारवा राहतो.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. हवेत 85 टक्क्यांच्या वर दमटपणा असताना इपॉक्सी मारलं तर त्यावर चिकट, तेलकट पापुद्रा येतो आणि पुढचा हात त्याला धरत नाही. भर दुपारीही नको, पत्र्यावर तळहात टेकवत नसेल तर संध्याकाळपर्यंत थांबा.