मास्टर क्लॉक लावलं की आवाज ‘खुलतो’?

आठ चॅनेलचा डिजिटल प्रीअँप (माइकचा आवाज वाढवून त्याचे आकडे करणारं यंत्र) घेतला की कुणीतरी सांगतंच: वेगळं मास्टर क्लॉक (सगळ्या यंत्रांना एकच ताल देणारं घड्याळ) जोड, आवाज खुलेल. हा समज स्टुडिओवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. खुलतो तो दुकानदाराचा गल्ला.

कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) आपल्याच क्रिस्टलवर, म्हणजे ताल देणाऱ्या स्फटिकावर, चालतो तेव्हा क्लॉक त्याच्या शेजारी, त्याच बोर्डावर असतं. बाहेरचं क्लॉक केबलमधून येतं आणि आतलं पीएलएल सर्किट (बाहेरच्या तालाशी जुळवून घेणारं) त्याच्यामागे धावत राहतं. जिटर, म्हणजे तालातली बारीक थरथर, बहुतेकदा थोडा वाढतो, फार तर तेवढाच राहतो.

बाहेरचं क्लॉक लागतं ते दोन यंत्रं एका तालात ठेवायला. दोन्हींवर ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, म्हणजे सॅम्पल) दिसतंय म्हणजे सिंक झालं, असं नाही. दोन क्रिस्टलांत दहा लाखांमागे १० चा फरक असला तरी सेकंदाला जवळपास अर्धं सॅम्पल सरकतं. दोनेक सेकंदांनी एक सॅम्पल गळतं किंवा दुणावतं आणि ‘टिक’ येते. ढोलकीत ती लपते, तानपुऱ्यावर लगेच उघडी पडते.

उपाय फुकट आहे. एडॅटची (अनेक चॅनेलचा डिजिटल आवाज एकत्र नेणाऱ्या जोडणीची) ऑप्टिकल केबल आवाजासोबत क्लॉकही नेते. प्रीअँप ‘इंटर्नल’वर ठेवा, इंटरफेसचा (आवाज कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राचा) क्लॉक सोर्स ‘एडॅट’ करा. लॉकचा (क्लॉक जुळल्याचा) दिवा लुकलुकत असेल तर रेकॉर्डिंग सुरूच करू नका. वर्ड क्लॉकची बीएनसी केबल (फक्त क्लॉक नेणारी) वापरलीत, तर साखळीतल्या शेवटच्या यंत्रावर ७५ ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल परत उसळू नये म्हणून टोकाला लावलेला रोध) हवं.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ते मात्र बहुधा बफरचं (आवाज थोडा साठवून पुढे देणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या जागेचं) काम. क्लॉक बदलून जाणार नाही. इंटरफेसच्या मिक्सरमधून डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटर टाळून आवाज थेट हेडफोनला) द्या आणि सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज दुहेरी येईल.