डिजिटल दंत क्ष-किरण प्रतिमेची गुणवत्ता

दात, त्यांची मुळे आणि भोवतालचे हाड दाखवणारी क्ष-किरण प्रतिमा निदानाला किती उपयोगी पडते, यावर तिची गुणवत्ता ठरते. तोंडात सेन्सर ठेवून प्रतिमा घेणारी पहिली डिजिटल यंत्रणा १९८७ साली फ्रान्समध्ये आली. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांपासून मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयापर्यंत एकेका दाताच्या अशा एक्स-रेला ‘आरव्हीजी’ म्हणतात.

चांगला सेन्सर एका मिलिमीटरमध्ये वीसच्या आसपास रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) वेगळ्या दाखवू शकतो. नुसत्या डोळ्यांना त्याहून बऱ्याच कमी दिसतात. त्यामुळे प्रतिमा बिघडली तर दोष सहसा सेन्सरचा नसतो, तो ठेवण्याच्या पद्धतीत असतो. सेन्सर दाताच्या लांबीला समांतर आणि किरण दोघांना काटकोनात, ही सर्वांत भरवशाची मांडणी; तिला होल्डर लागतो. उभा कोन चुकला की मुळे लांबट किंवा आखूड दिसतात. आडवा कोन चुकला की शेजारचे दात एकमेकांवर चढतात आणि त्यांच्यामधली कीड झाकली जाते. किरणांचा उगमबिंदू लहान, दातापासून दूर आणि सेन्सर दाताच्या जवळ असला की कडा रेखीव येतात.

विदर्भात या मांडणीला खर्ऱ्याची अडचण येते. सुपारी आणि तंबाखूच्या या मिश्रणाच्या सवयीने तोंडातील अस्तर ताठर होते (ओरल सबम्युकस फायब्रोसिस) आणि तोंड पुरते उघडत नाही. सेन्सर कडक आणि जाड असल्यामुळे तो मागच्या दाढांपर्यंत जात नाही, गेला तरी तिरका बसतो. अशा वेळी लहान मापाचा सेन्सर, पातळ फॉस्फर प्लेट (प्रतिमा साठवून ठेवणारी आणि नंतर स्कॅनरमध्ये वाचली जाणारी पट्टी) किंवा तोंडाबाहेरून घेतलेला ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) हेच पर्याय उरतात. ओपीजीत बारकावे कमी असल्यामुळे कोवळी कीड त्यात निसटू शकते. फॉस्फर प्लेटही जपावी लागते: ओरखडे प्रतिमेत उमटतात, आणि स्कॅन होण्याआधी उजेड लागला तर नोंदलेली प्रतिमा पुसट होते.

बहुतेक यंत्रे ६० ते ७० किलोव्होल्टवर चालतात. हा विद्युतदाब कमी असेल तर काळ्या-पांढऱ्यातला फरक ठळक होतो, वाढवला तर मधल्या छटा वाढतात. किरण कमी पडले तर प्रतिमा दाणेदार होते. जास्त पडले तर सेन्सर संपृक्त होऊन दातांमधल्या हाडाचा पातळ कंगोरा दिसेनासा होतो. फॉस्फर प्लेटची गोष्ट वेगळी आणि अधिक सावध राहण्याची आहे. जास्त किरण पडूनही सॉफ्टवेअर उजळपणा सावरून घेते, प्रतिमा छान दिसते आणि रुग्णाला विनाकारण मिळालेली मात्रा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नुसत्या दिसण्यावरून मात्रा बरोबर होती असे मानू नये.

रुग्ण हलला तर प्रतिमा धूसर होते. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. कडा अती तीक्ष्ण केल्या तर भरलेल्या दाताच्या कडेला काळी रेघ तयार होते आणि ती नवी कीड वाटते, त्यामुळे मूळ प्रतिमा नेहमी शेजारी ठेवून पाहावी. मॉनिटरवर खिडकीचा उजेड पडत असेल तर फिक्या छटा हरवतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचे रुग्ण पुढील उपचारांसाठी नागपुरात येतात, तेव्हा त्यांच्या प्रतिमा अनेकदा मोबाइलवर पोहोचतात. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवला की छटा आणि बारकावे दोन्ही गळतात. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या प्रमाण स्वरूपातील मूळ फाइल पाठवल्यास ते टिकतात.