मोटारवाहन अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण

मोटारवाहन अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण : रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रचलित वाहनांचा अभिकल्प (डिझाइन), विकास, चाचणी व उत्पादन यांसाठी लागणाऱ्या ज्ञानाचे पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरील अध्यापन. देखभाल-दुरुस्तीचे व्यवसायशिक्षण या नोंदीत अभिप्रेत नाही. काही विद्यापीठांत ही स्वतंत्र शाखा आहे, तर अनेक ठिकाणी यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांतील विशेष विषय म्हणून ती शिकवतात. हा भेद वरवर प्रशासकीय दिसतो. पण या विषयाला स्वतःची मूलतत्त्वे आहेत की नाहीत, हा जुना वाद त्याच्या मुळाशी आहे.

उगम : मोटारगाडी घडवणाऱ्या पहिल्या पिढीतील कार्ल बेंत्स कार्ल्सरूए येथे, गोटलीप डाइमलर स्टटगार्ट येथे, तर रूडोल्फ डीझेल म्यूनिक येथे पॉलिटेक्निकमध्ये शिकले. मात्र त्या काळचे यंत्रशास्त्र वाफेच्या यंत्राभोवती रचलेले होते. बेंत्स यांनी जानेवारी १८८६ मध्ये तीनचाकी गाडीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला, तेव्हा मोटारवाहन हा कोणत्याही विद्यापीठातील अध्यापनाचा विषय नव्हता.

विद्यापीठात त्याचा प्रवेश विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला, असे सामान्यतः मानले जाते. बर्लिन-शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक विद्यापीठात आलोइस रीडलर यांनी मोटारगाड्यांच्या मापनाची प्रयोगशाळा उभारली आणि गाडी जागेवरच फिरत्या रोलरांवर चालवून तिची शक्ती व तिच्यातील ऊर्जाहानी मोजण्यास आरंभ केला. फ्रान्समध्ये विमान व मोटार या दोन्हींसाठीची एस्ताका ही संस्था १९२५ मध्ये निघाली. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील स्लोन मोटार प्रयोगशाळा १९२९ ची. तिचा भर प्रामुख्याने एंजिनावर राहिला. १९३० मध्ये मॉस्को येथे मोटार व रस्ते संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्टटगार्ट येथे वूनिबाल्ट काम यांना मोटारवाहनांचे अध्यासन मिळून त्याला जोडून संशोधनसंस्था सुरू झाली.

यांपैकी आरंभ कोणता मानायचा, याविषयी एकमत नाही. एंजिनाची प्रयोगशाळा हा निकष लावल्यास श्रेय बर्लिनकडे जाते. परंतु एंजिन जहाजातही असते आणि विमानातही. केवळ त्याच्या अभ्यासाने स्वतंत्र शाखा सिद्ध होत नाही. टायर, रस्ता, हवेचा रोध व चालक यांसह संपूर्ण वाहन हा अभ्यासविषय स्टटगार्ट येथे स्पष्टपणे मांडला गेला, म्हणून तो आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वाहन गतिकी : वाहनाची गती, वळणे व स्थिरता यांचा हा अभ्यास. शाखेचे स्वतंत्रपण ठरवणारा विषय हाच. वळणावर आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, ही रचना घोडागाड्यांच्या काळात, लंडनमध्ये १८१८ साली रूडोल्फ आकरमान यांच्या नावे नोंदली गेली. मूळ कल्पना म्यूनिकचे लांकेनश्पेर्गर यांची होती आणि त्याहीपूर्वी इरॅस्मस डार्विन यांनी ती मांडल्याचे सांगितले जाते. ही मांडणी निव्वळ भूमितीची आहे. हवा भरलेल्या रबरी टायरच्या बाबतीत ती अपुरी पडते, कारण असा टायर चाकाच्या रोखाशी अल्प कोन करून सरकतो आणि त्या कोनामुळेच वळण्यासाठी लागणारे पार्श्वबल निर्माण होते. या कोनाकडे प्रथम लक्ष वेधण्याचे श्रेय बहुधा फ्रेंच अभियंते ब्रुल्ये (१९२५) यांना दिले जाते. १९३० च्या दशकात मॉरिस ओली यांनी जनरल मोटर्समध्ये प्रयोगांनी त्याचे व्यावहारिक महत्त्व दाखवले.

एका आसावरील दोन चाकांऐवजी एकच चाक कल्पून, वाहनाचा पार्श्ववेग व उभ्या अक्षाभोवतीचा भ्रमणवेग या दोनच चलांत गतीची समीकरणे मांडणारे प्रतिमान (गणिती मॉडेल) आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्यासाठी लेनर्ड सेगेल व कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांच्या १९५६ च्या निबंधांचा निर्देश येतो. तथापि रीकर्ट व शुंक यांनी तेच सार १९४० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केले होते. युद्धकाळामुळे ते फारसे पोचले नसावे. कालक्रमाने अग्रमान त्यांनाच द्यावा लागतो. सेगेल यांचे वेगळेपण समीकरणांची प्रत्यक्ष गाडीवरील मापनांशी काटेकोर तुलना करण्यात आहे. या प्रतिमानातून निघणारा निष्कर्ष मूलभूत आहे : मागील टायरांचे पार्श्वबल पुढच्यांच्या तुलनेत अपुरे असेल, तर एका विशिष्ट वेगापलीकडे गाडी सरळ रस्त्यावरही अस्थिर होते. कोन लहान असेपर्यंतच, म्हणजे पार्श्वप्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या साधारण चार-दशांशापर्यंत असताना, हे रेषीय गणित विश्वसनीय असते. त्यापुढे डेल्फ्ट येथील पासेइका व सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास मांडलेल्या अनुभवजन्य टायर सूत्रासारखी साधने वापरावी लागतात.

अभ्यासक्रम : पहिली दोन वर्षे गणित, स्थितिगतिशास्त्र, ऊष्मागतिकी, द्रव्यबल व यंत्रघटकांचा अभिकल्प या विषयांची. पुढे अंतर्ज्वलन-एंजिन [→ अंतर्ज्वलन-एंजिन], क्लच व गिअर, सस्पेन्शन, ब्रेक, अपघातसमयी सांगाड्याचे वर्तन, कंपन व ध्वनी हे विषय येतात. कारखान्यातील उमेदवारीची सांगड वर्गाशी घालण्याची पद्धत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सुरू केली आणि मोटार उद्योगाने ती उचलून धरली.

विद्यार्थ्यांनी स्वतः लहान रेसिंग गाडी घडवण्याची फॉर्म्युला एसएई (एसएई ही मोटार अभियंत्यांची अमेरिकी संस्था) ही स्पर्धा १९८१ पासूनची. काही जण तिचा आरंभ ह्यूस्टन येथील १९७९ च्या स्पर्धेपासून धरतात. एकूण १,००० गुणांपैकी १५० गुण अभिकल्पाच्या तोंडी समर्थनाला असतात. परीक्षक एखाद्या नळीची जाडी तीच का, असे विचारतात आणि संघाला मोजमापासह उत्तर द्यावे लागते. सर्वाधिक २७५ गुण सुमारे २२ किमी.च्या टिकाव-शर्यतीला असतात. वर्षभराच्या कष्टाची गाडी तेथे एका सैल नटामुळेही बाद होऊ शकते. वर्गातील कोणत्याही परीक्षेपेक्षा ही कसोटी अभियंता घडवण्यास अधिक उपकारक ठरली आहे.

नवे विषय : बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या, गाडीतील इलेक्ट्रॉनिक घटकांना जोडणाऱ्या संदेशवहन पद्धतीनंतर इलेक्ट्रॉनिकी व नियंत्रणशास्त्र अभ्यासक्रमात अपरिहार्य झाले. विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या कार्यात्मक सुरक्षिततेचे (यंत्रणेतील बिघाडामुळे धोका उद्‌भवू नये याविषयीचे) आयएसओ २६२६२ हे मानक २०११ चे. चालकरहित वाहनाच्या संशोधनात विद्यापीठे अग्रभागी होती : दार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेची २००५ ची वाळवंटातील स्पर्धा स्टॅनफर्डच्या आणि २००७ ची शहरी स्पर्धा कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संघाने जिंकली. विद्युत वाहनांमुळे विद्युत्-घटमाला (बॅटरी), तिचे शीतन व शक्ति-इलेक्ट्रॉनिकी यांना जागा देताना अनेक ठिकाणी एंजिनाचे तास कमी झाले आहेत. टायर व वाहन गतिकीचे तास मात्र टिकून आहेत, कारण बॅटरीच्या वाढीव वजनाने टायरवरील भार वाढतो आणि ती तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणजे तेच गणित नव्याने करावे लागते.