डाउन सिंड्रोम : उतारवयातील वर्तनबदल व त्यांची हाताळणी

डाउन सिंड्रोम म्हणजे गुणसूत्रांतील फरकामुळे जन्मतःच असणारी, बौद्धिक अक्षमता आणणारी अवस्था. ती असलेली प्रौढ व्यक्ती वय वाढत असताना पूर्वी कधी नव्हती इतकी चिडू लागते, आंघोळीला नकार देते, रात्र रात्र जागते, अंगावर धावून येते किंवा अगदीच गप्प होते. अशा बदलांमागचे कारण शोधून उपचार, परिसर आणि दिनक्रम त्याप्रमाणे बदलणे म्हणजे वर्तनाची हाताळणी. ‘डाउन सिंड्रोम आहे, असंच व्हायचं’ असे म्हणून पुष्कळदा हा विषय तिथेच सोडला जातो. यातून सर्वांत मोठे नुकसान होते, कारण बरा होण्यासारखा आजारही मग तपासलाच जात नाही.

१९८३च्या सुमारास अमेरिकेत या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आता अनेक देशांत ते साठीच्या घरात गेले आहे. त्यामुळे त्यांच्या म्हातारपणाचा अनुभव कुटुंबांना आणि डॉक्टरांनाही तसा नवा आहे. त्यातच वार्धक्याच्या खुणा इतरांच्या मानाने बऱ्याच लवकर, चाळिशीतच दिसू लागतात.

आधी शरीर तपासणे

वर्षानुवर्षे जिना चढणारी-उतरणारी व्यक्ती एके दिवशी वरच्या पायरीवर थबकते, कठडा घट्ट धरते आणि कोणी हात लावला की ओरडते. घरच्यांना तो हट्ट वाटतो. पण तिला मोतीबिंदू असू शकतो. पायरी किती खोल आहे याचा अंदाज येईनासा झाला असेल, तर पायरीची कड दिसतच नाही. गुडघा किंवा कंबर दुखत असेल. मानेच्या वरच्या मणक्यांतील अस्थिरतेमुळे पायांतले बळ कमी झाले असेल, तर तातडीने डॉक्टरांना दाखवावे लागते. यांतले काहीच तिला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ती ओरडते.

थायरॉइडची कमतरता या व्यक्तींमध्ये फार आढळते आणि तिचा सुस्तपणा नैराश्यासारखा दिसतो. झोपेत श्वास अडखळत असेल, तर दिवसभराची चिडचिड त्यातूनच येते. कानाची नळी अरुंद असल्याने मळ साचतो, ऐकू कमी येते आणि ‘सांगितलेलं ऐकत नाही’ अशी तक्रार होते. बद्धकोष्ठता, दातदुखी, लवकर येणारी रजोनिवृत्ती यांचीही चौकशी करावी.

स्मृतिभ्रंश

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या रोगात मेंदूत साचणारे अमायलॉइड ज्या प्रथिनापासून बनते, त्याचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असते. डाउन सिंड्रोममध्ये बहुधा हे गुणसूत्रच जादा असते. परिणामी चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत या रोगाच्या खुणा तयार झालेल्या असतात. लक्षणे मात्र बहुधा पन्नाशीच्या पुढेमागे दिसतात. विसराळूपणाच्या आधी स्वभाव बदलणे हे इथले वेगळेपण आहे. उत्साह मावळतो, हेकटपणा वाढतो, साध्या कामाचा क्रम चुकतो.

नेहमीच्या स्मरणचाचण्यांचे निकष इथे लागू पडत नाहीत. तुलना त्या व्यक्तीच्याच पूर्वीच्या क्षमतेशी करावी लागते. म्हणून पस्तिशीच्या आतच तिला काय काय येते याची नोंद करावी. बुटाची नाडी बांधताना, सही करताना, गप्पा मारताना मोबाइलवर केलेले चित्रीकरण पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

स्मृतिभ्रंशाबरोबर उतारवयात फिट्सही येऊ शकतात. सकाळी उठल्यावर हाताला अचानक झटका बसतो आणि कप लांब उडतो. ‘रागानं फेकला’ असे ठरवण्याआधी हा झटका पाहायला हवा.

दुःख आणि नैराश्य

याच वयात आईवडील जातात, घर बदलते, भावंडांकडे किंवा निवासी संस्थेत राहायला जावे लागते. या व्यक्तींचा शोक कधी कधी काही महिन्यांनी वर्तनातून बाहेर येतो, तेव्हा त्याचा संबंध कोणी लावत नाही. निधनाची गोष्ट लपवू नये. साध्या, स्पष्ट शब्दांत सांगावी, निरोप घेऊ द्यावा. स्वतःशी बोलणे मात्र यांच्यात पुष्कळदा आयुष्यभराचे असते, त्याला लगेच मनोविकार समजू नये. त्या बोलण्याचा सूर बदलला, त्यात भीती किंवा राग आला, तर लक्ष द्यावे.

रोजची हाताळणी

प्रसंगाच्या आधी काय घडले, व्यक्तीने काय केले, नंतर आसपासच्यांनी काय केले, हे काही आठवडे लिहून काढले की बहुतेक वेळा सूत्र सापडते : ठरावीक वेळ, गोंगाट, घाई, एखादा माणूस. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि उत्तरासाठी थांबावे. ठरलेला क्रम शक्यतो मोडू नये. बदल करायचाच असेल, तर चित्रांच्या तक्त्यावर आधी दाखवावा. चकचकीत फरशी ओली वाटते, गडद पायपुसणे खड्ड्यासारखे दिसते. ते काढले की स्नानगृहाबाहेरचा झगडा कधी कधी थांबतो.

स्मृतिभ्रंश वाढल्यावर चूक दुरुस्त करण्याचा आग्रह सोडावा. ‘आई कुठंय?’ या प्रश्नाला दर वेळी ‘ती गेली’ असे सांगितले, तर तिचा मृत्यू दर वेळी नव्याने कळतो. त्याऐवजी आईच्या आठवणी काढाव्यात, फोटो पाहावेत.

औषधे

नैराश्यावर, थायरॉइडवर औषधे जरूर द्यावीत. स्मृतिभ्रंशावरच्या मेमँटिन या औषधाचा मात्र चाळिशीवरील या व्यक्तींमधील २०१२ सालच्या चाचणीत फायदा दिसला नाही. केवळ शांत ठेवण्यासाठी अँटिसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरची) औषधे देणे धोक्याचे आहे : गुंगी येते, तोल जातो, गिळायला त्रास होतो. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना अशी औषधे गरजेपेक्षा जास्त दिली जातात म्हणून इंग्लंडमध्ये २०१६पासून ‘स्टॉम्प’ मोहीम सुरू आहे. द्यावीच लागली, तर मात्रा कमीत कमी असावी आणि ती कधी थांबवायची, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.