व्हेक्ट्रेक्स : रेघा ओढणारा गेम

बीएस्सीच्या किंवा इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये सीआरओसमोर (विजेचे सिग्नल छोट्या पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रासमोर) ज्यांनी तास काढलेत, त्यांना तो हिरवा ठिपका आठवत असेल. एक्सला (आडव्या दिशेला) एक सिग्नल द्या, वायला (उभ्या दिशेला) दुसरा, की मधोमध थरथरणारा ठिपका पळत सुटतो आणि पडद्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुळगुळीत आकृती तरंगायला लागते. (लिसाजूच्या त्याच आकृत्या जर्नलात काढताना भल्याभल्यांचे हात वाकडे व्हायचे, ते वेगळं.) या सीआरओला जॉयस्टिक जोडून तो खेळण्यांच्या दुकानात ठेवला तर? १९८२ च्या अखेरीस अमेरिकेत जवळजवळ हेच घडलं.

यंत्राचं नाव व्हेक्ट्रेक्स. जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं ते १९९ डॉलरला बाजारात आणलं. घडवलं होतं जे स्मिथ नावाच्या गृहस्थांच्या वेस्टर्न टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या मंडळींनी. उभट काळी पेटी, तिच्यात ९ इंची कृष्णधवल पिक्चर ट्यूब आणि खालच्या खाचेत चपखल बसणारा कंट्रोलर. बाकीचे गेम टीव्हीला जोडावे लागत; याचा पडदा याच्याच पोटात. मुलं खेळायला बसली म्हणून मोठ्यांचा टीव्ही अडायला नको. पण खरी गंमत पडदा कुणाचा यात नव्हती, त्यावर चित्र कसं उमटतं यात होती.

जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत आपण वहीत लिहितो तसा चालतो. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग परत डावीकडे, खालची ओळ. चित्रात काही असो वा नसो, पान पुरं करायचंच. तिरकी रेघ हवी असेल तर तीही या आडव्या ओळींच्या तुकड्यांतूनच जुळवावी लागते, म्हणून ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. व्हेक्ट्रेक्सचा झोत ओळीनं चालतच नाही. तो रांगोळी काढणाऱ्या हातासारखा थेट या टोकाकडून त्या टोकाला जातो. जिथं काही काढायचं नाही, तिथं फिरकतच नाही. म्हणून तिरकी रेघ खरोखर सरळ येते आणि काळ्याभोर पडद्यावर तारेसारखी चमकते. अटारी कंपनीचा ‘ॲस्टेरॉइड्स’ १९७९ मध्ये आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या गेमच्या अड्ड्यांवर) गाजला तो याच तंत्रावर. ते घरी आणणारा कन्सोल (गेम खेळायचं घरगुती यंत्र) मात्र हा एकच.

झोताला वळवतं कोण? लॅबमधल्या सीआरओत हे काम विजेच्या पट्ट्या करतात, व्हेक्ट्रेक्समध्ये टीव्हीसारखीच ट्यूबच्या मानेभोवती गुंडाळलेली कॉइल. कॉइलला किती रेटायचं हे ठरवणारं सर्किट समजायला दोन बादल्या डोळ्यांपुढे आणा, एक एक्सची, एक वायची. बादलीतल्या पाण्याची पातळी म्हणजे झोताची जागा. रेघ ओढायची तर दोन्ही नळ एकाच क्षणी सोडायचे, एकाच क्षणी बंद करायचे. कुठला नळ किती उघडा, यावर रेघेचा तिरकेपणा ठरतो. आणि किती वेळ उघडा, यावर लांबी. प्रत्यक्षात बादलीच्या जागी कपॅसिटर असतो, पाण्याच्या जागी विद्युतभार आणि वेळ मोजायला टायमर. शाळेत शिकलेलं ‘वेग गुणिले वेळ बरोबर अंतर’ इथं तारांमध्ये जोडून ठेवलंय.

काटकसर इतकी, की आकड्याचं व्होल्टेज करून देणारा ८ बिटांचा कन्व्हर्टर सगळ्या यंत्रात मिळून एक. तो आधी वायचं व्होल्टेज देतो, ते एका छोट्या कपॅसिटरवर धरून ठेवलं जातं, मग तोच एक्सकडे वळतो. रेघेची चमकही तोच ठरवतो. स्वयंपाकघरात एकाच वाटीनं तांदूळ, डाळ, तेल मोजावं, तसा प्रकार.

या बादल्या थोड्या गळक्या असतात. शिवाय प्रत्येक रेघेत होणारी बारीकशी चूक पुढच्या रेघेला जाऊन मिळते. म्हणून दर थोड्या वेळानं दोन्ही बादल्या रिकाम्या करून झोताला पडद्याच्या मध्यावर परत आणायचं आणि नव्यानं सुरुवात करायची. तेवढा हिशेब गेम लिहिणाऱ्यानं ठेवायचा.

आणि वेळ तरी किती? आतला मोटोरोलाचा ६८०९ प्रोसेसर १.५ मेगाहर्ट्झवर चालायचा. सेकंदाला ५० चित्रं काढायची तर एका चित्राच्या वाट्याला ३०,००० ठोके येतात. शत्रू हलवणं, टक्कर झाली का ते बघणं, आवाज काढणं आणि एकूण एक रेघ ओढणं, सगळं त्यातच. पडद्यावर गर्दी वाढली की ही वेळ पुरेना आणि चित्र लुकलुकायला लागे. गर्दीत शत्रूपेक्षा रेघांचीच भीती जास्त.

एवढ्या खटाटोपाचा फायदा मेमरीत होता, आणि त्या काळी मेमरी महाग. २५६ बाय २५६ ठिपक्यांचं नुसतं काळं-पांढरं चित्र साठवायचं तर ८ किलोबाइट लागतात. व्हेक्ट्रेक्सची रॅम सगळी मिळून १ किलोबाइट. चित्र साठवायचंच नव्हतं, फक्त यानाचे कोपरे कुठे आहेत ते आकडे लक्षात ठेवायचे.

उणीव होती ती रंगाची. त्यावरचा तोडगा मला भारी आवडतो, कारण तो अगदी पोरकट आहे. प्रत्येक गेमबरोबर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा यायचा, तो पडद्यापुढे खाचेत अडकवायचा. निळ्या भागात गेलेलं यान निळं, बाहेर आलं की दुसऱ्या रंगाचं. पुढे याच कंपनीनं थ्रीडी चष्मा काढला, तो मात्र पोरकट नव्हता. त्यात मोटरवर गरगर फिरणारी चकती होती, अर्धी काळी, अर्ध्या भागात रंगांच्या पाकळ्या. काळा भाग आळीपाळीनं एकेक डोळा झाकायचा आणि त्या तालावर यंत्र त्या-त्या डोळ्यासाठीचं चित्र काढायचं. कृष्णधवल ट्यूबमधून खोलीही मिळाली आणि रंगही.

दोषही होते. स्पीकर ट्यूबशेजारीच आणि मधे आडोसा नाही, त्यामुळे यंत्र सतत गुणगुणायचं. चित्र बदललं की गुणगुणण्याचा सूरही बदलायचा. आतच भरून दिलेला ‘माइन स्टॉर्म’ १३ व्या पातळीपर्यंत पोचलं की कोसळायचा. कळवणाऱ्यांना कंपनीनं दुरुस्त केलेला ‘माइन स्टॉर्म २’ कार्ट्रिजवर (यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीवर) पाठवला. तो आज संग्राहकांच्या हाती सहसा लागत नाही, कारण तितकं चांगलं खेळून तक्रार करणारे फार थोडे निघाले.

यंत्र बुडालं ते या दोषांनी नव्हे. १९८३ मध्ये खेळण्यांची बडी कंपनी मिल्टन ब्रॅडलीनं जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स विकत घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार आडवा झाला. दुकानं न खपलेल्या कार्ट्रिजांनी भरलेली, भाव मातीमोल. इतरांचा कन्सोल म्हणजे चिपांचा एक डबा, त्याची किंमत उतरवता येते. व्हेक्ट्रेक्सला मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला काचेची अख्खी ट्यूबही द्यावी लागे. किंमत पाडत पाडत ५० डॉलरच्या खाली आणली तरी माल हलेना. १९८४ मध्ये कारखाना थांबला. जे स्मिथ यांनी नंतर हे गेम बिनव्यापारी वापरासाठी खुले केले, म्हणून हौशी लोक आजही त्यासाठी नवे गेम लिहितात.

कॉम्प्युटरवर ते खेळता येतात, पण एलसीडीचा पडदा पुन्हा ठिपक्यांचाच. झोत कोपऱ्यावर क्षणभर रेंगाळला की तिथं जे जास्त तेजाचं टिंब उमटतं, ते कॉम्प्युटरला हिशेब करून रंगवावं लागतं. खऱ्या यंत्राला ते आपोआप जमतं. मात्र ४० वर्षांनी त्याचे कपॅसिटर म्हातारे झालेत, बादल्या जास्त गळू लागल्यात. चौकोन काढायला जावं तर शेवटची रेघ पहिलीपर्यंत पोचत नाही, कोपऱ्यात फट राहते. मग कुणीतरी मागचं झाकण उघडतं, बंद करूनही ट्यूबवर भार टिकून असतो म्हणून एक हात खिशात ठेवतं, आणि प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरनं बोर्डावरचा बारीक स्क्रू केसभर फिरवतं. फट जराशी कमी होते. मग आणखी केसभर.